पोहोच घेतल्याशिवाय उठू नका: कॉलेजातल्या गुन्ह्याची तक्रार कशी द्यायची

कॉलेजच्या आवारात काही घडलं की पहिली तक्रार बहुतेक वेळा तोंडीच होते. सरांना सांगितलं, सरांनी विभागप्रमुखांच्या कानावर घातलं, ते म्हणाले ‘बघतो’. पंधरा दिवसांनी चौकशीला गेलं की कळतं, कागदावर काहीच नाही. तोवर सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं गेलेलं असतं आणि साक्षीदार मित्र परीक्षा संपवून गावी गेलेला असतो. त्यामुळे तक्रार लेखी द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊनच जागचं उठायचं. यालाच पोहोच म्हणतात. पोहोच नसेल तर अर्ज दिला नाही असंच धरा.

दुसरी गल्लत म्हणजे ‘कॉलेजात तक्रार केली आहे, आता पोलिसांची गरज नाही’ हा समज. कॉलेजची चौकशी शिस्तभंगाची असते. ती निलंबन करू शकते, वसतिगृहातून काढू शकते, पण गुन्हा नोंदवणं तिच्या हातात नाही. पोलिसांचा तपास वेगळा, त्याच्या मुदती वेगळ्या. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू शकतात. ‘आधी आमची चौकशी पूर्ण होऊ द्या, मग पोलिसांत जा’ असं कोणी सांगितलं तर त्याला कायद्याचा आधार नाही.

पहिला तास

धोका अजून टळला नसेल तर ११२. हा नंबर पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका तिन्हींसाठी आहे. जखमी माणूस असेल तर १०८ वरही रुग्णवाहिका मिळते. फोनवर फक्त कॉलेजचं नाव सांगून भागत नाही. मोठ्या आवाराला तीन-चार फाटकं असतात आणि रात्री त्यातलं एकच उघडं असतं. ‘मागचं फाटक, मुलांच्या वसतिगृहाशेजारची इमारत, दुसरा मजला’ इतकं नेमकं सांगा आणि एकाला त्या फाटकावर उभं करा. गाडी आवारात शिरून इमारत शोधत फिरते, त्यातच दहा मिनिटं जातात.

खोली फोडली असेल तर कुलूप, कपाट, विखुरलेलं सामान तसंच राहू द्या. काय काय गेलं हे पाहण्याची घाई सगळ्यांना होते आणि त्या घाईत ठसे जातात. दारातूनच फोटो काढा, खोली बंद करा. मग सुरक्षारक्षकाच्या वहीत नोंद करायला लावा आणि त्या पानाचा फोटो घ्या. ही वही कोणी फारशी मनावर घेत नाही, पण घटनेनंतर अर्ध्या तासात केलेली नोंद पुढे ‘तेव्हाच का नाही सांगितलं?’ या प्रश्नाचं सगळ्यात सरळ उत्तर ठरते.

सीसीटीव्ही: चित्रण मागू नका, जतन करायला सांगा

कॅमेऱ्याच्या डीव्हीआरमधली, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्रातली, हार्ड डिस्क भरली की नवं चित्रण जुन्यावर लिहिलं जातं. डिस्क केवढी आणि कॅमेरे किती यावर ते दोन आठवडे राहील की महिना, हे ठरतं. आधीच्या परीक्षांसाठी जादा कॅमेरे बसवले असतील तर मुदत आणखी कमी होते. म्हणून त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, प्राचार्यांच्या नावे एक छोटा अर्ज द्या.

त्यात ‘सीसीटीव्ही तपासावा’ एवढंच लिहिलं तर काहीच होत नाही. कॅमेरा कुठला (ग्रंथालयाच्या जिन्यासमोरचा, पार्किंगच्या प्रवेशाचा), तारीख, आणि घटनेच्या आधीचा व नंतरचा किमान एकेक तास धरून वेळ लिहा. येण्याजाण्याच्या वाटेवरचे कॅमेरेही लिहा, कारण प्रत्यक्ष घटना बऱ्याचदा कॅमेऱ्यासमोर घडत नाही, पण पळून जाणारा फाटकावर दिसतो. आणखी एक बारीक गोष्ट: डीव्हीआरचं घड्याळ अनेकदा पाच-दहा मिनिटं पुढे किंवा मागे असतं. अर्जाच्या वेळी पडद्यावरची वेळ आणि खरी वेळ यातला फरक टिपून ठेवायला सांगा.

कॉलेज चित्रण तुमच्या हातात देईलच असं नाही, आणि त्याची गरजही नसते. ते पोलिसांनी रीतसर पंचनामा करून घ्यावं हेच बरं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं. पडद्याचं मोबाइलवर शूटिंग करून ते वर्गाच्या ग्रुपवर टाकणं हा मात्र खटला बिघडवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

अर्ज कसा लिहायचा

रागात लिहिलेला चार पानी अर्ज कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. एक पान, घडलं त्या क्रमाने:

‘मी द्वितीय वर्ष वाणिज्य शाखेत शिकते. दिनांक … रोजी दुपारी सुमारे २.४० वाजता मुख्य इमारतीच्या तळमजल्यावरील वाचनालयात मी माझी निळी बॅग खिडकीजवळच्या टेबलावर ठेवून पुस्तक परत करण्यास गेले. २.५० वाजता परत आले असता बॅग जागेवर नव्हती. बॅगेत … कंपनीचा लॅपटॉप (अनुक्रमांक …, खरेदी दिनांक …, किंमत रुपये …) होता. त्या वेळी शेजारच्या टेबलावर … व … बसले होते. बॅग माझ्या संमतीशिवाय कोणीतरी चोरून नेली आहे. तरी माझी फिर्याद नोंदवून घ्यावी.’

वेळ नक्की आठवत नसेल तर ‘सुमारे’ लिहा, अंदाज ठोकून देऊ नका. अर्जात २.४० आणि जबाबात ३.३० असं झालं की पुढे त्याच फरकावर बोट ठेवलं जातं. संशय असेल तर ‘मला … याच्यावर संशय आहे, कारण …’ असं लिहा. ‘त्यानेच चोरलं’ असं डोळ्यांनी पाहिलं असेल तरच लिहा. शिवीगाळ किंवा धमकी असेल तर नेमके शब्द, ते कितीही घाणेरडे असले तरी, जसेच्या तसे लिहावे लागतात. ‘अश्लील शिवीगाळ केली’ यावरून कुठलंच कलम ठरत नाही.

आवक-जावक खिडकीवर अर्ज घेत नसतील तर वाद घालू नका. तोच अर्ज प्राचार्यांच्या नावे स्पीड पोस्टने पाठवा, कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरही पाठवा, पावती जपा.

पोलीस ठाण्यात: गहाळ की चोरी, एनसी की एफआयआर

ठाण्यात समोर बसतात ते ठाणे अंमलदार. ऐकून घेतल्यावर ते ठरवतात की गुन्हा दखलपात्र आहे की अदखलपात्र. दखलपात्र असेल तर एफआयआर होतो आणि तपास सुरू होतो. अदखलपात्र असेल तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, होते, आणि एनसीत पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. हातात कागद मिळाला म्हणून खूश होण्याआधी वर काय छापलं आहे ते वाचा.

मोबाइल चोरीच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत ‘गहाळ’ या शब्दात होते. गहाळ म्हणजे तुमच्याकडून हरवला. त्यात गुन्हा नाही, म्हणून तपासही नाही. डुप्लिकेट सिमसाठी गहाळचा दाखला पुरतो आणि तो लगेच मिळतो, म्हणून तो पुढे केला जातो. फोन खिशातून, बाकावरून, बंद खोलीतून गेला असेल तर ती चोरी आहे, आणि अर्जात ‘हरवला’ हा शब्द एकदाही येता कामा नये. सोबत बिल जोडा. किमतीलाही महत्त्व आहे: नव्या फौजदारी कायद्यात पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी अदखलपात्र वर्गात टाकली आहे. तेव्हा किंमत फुगवू नका, पण चार्जर, इअरफोन, कव्हर धरून जे जे गेलं ते सगळं लिहा.

फोन बंद करायचा असेल तर क्रम असा: आधी डुप्लिकेट सिम, मग पोलीस तक्रारीची प्रत, मग संचार साथी पोर्टलवर सीईआयआर विभागात आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, टाकून विनंती. सिम आधी लागतं, कारण ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि नव्या सिमवर एसएमएस सुरू व्हायला चोवीस तास जातात. आयएमईआय आत्ताच, फोन हातात असतानाच, स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून पाहा आणि वहीत लिहून ठेवा. फोन गेल्यावर तो फोनमध्येच राहतो.

मारामारीत उलटं होतं. साधी दुखापत अदखलपात्र. हाड मोडलं, दात पडला किंवा पंधरा दिवस रोजचे व्यवहार करता आले नाहीत, तर ती गंभीर दुखापत, आणि ती दखलपात्र. धोकादायक हत्यार वापरलं असेल तर साधी दुखापतसुद्धा दखलपात्र ठरते. हे सगळं डॉक्टरच्या कागदावर ठरतं. म्हणून ठाण्यात आधी उपचारासाठी पत्र मागा, सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या, कशाने मारलं ते डॉक्टरला स्पष्ट सांगा, आणि मगच जबाब द्या. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पट्टी बांधून घेतली आणि तीन दिवसांनी ठाण्यात गेलं की एनसीच होते.

हद्दीचं कारण पुढे करून परत पाठवलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा. १ जुलै २०२४ पासून ही संहिता लागू आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. यालाच झीरो एफआयआर म्हणतात. कॉलेजच्या सहलीत किंवा औद्योगिक भेटीला जाताना गाडीत काही घडलं, तर परत आल्यावर आपल्याकडच्या ठाण्यातही ते नोंदवता येतं. तक्रार ईमेलने किंवा ऑनलाइन दिली तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते, हे अनेकांना माहीत नसतं. एफआयआरची प्रत फुकट मिळते. सही करण्याआधी ती पूर्ण वाचा, चुकलेलं असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या.

‘आधी प्राथमिक चौकशी करतो’ हे उत्तरही मोघम चालत नाही. तीन वर्षं ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यातच, उपअधीक्षकांच्या परवानगीने, आणि चौदा दिवसांतच ती करता येते. चौदा दिवस मोजा.

रॅगिंग

इथे महाराष्ट्राचा स्वतःचा १९९९ चा कायदा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला काढून टाकलं जातं आणि पुढे पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची आणि प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. टाळाटाळ केली तर तोही मदतगार धरला जातो. हे वाक्य अर्जात शांतपणे लिहिलं तरी कामाला गती येते. त्याशिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाचा २००९ चा विनियम आहे, ज्यात एफआयआरसाठी चोवीस तासांची मुदत आहे.

स्वतः पुढे येणं अवघड वाटत असेल तर १८००-१८०-५५२२ हा चोवीस तास चालणारा राष्ट्रीय नंबर आहे. नाव न देताही तक्रार घेतात, मात्र मग तपशील अधिक नेमका हवा: वसतिगृह, मजला, खोली, रात्रीची वेळ, कोणत्या वर्षाचे विद्यार्थी. ‘आमच्या कॉलेजात रॅगिंग चालतं’ एवढ्यावर कोणी काय शोधणार? तक्रार क्रमांक लिहून घ्या, पाठपुरावा त्यावरच होतो.

जातीवरून अपमान झाला असेल तर ते केवळ रॅगिंग म्हणून लिहून घेऊ देऊ नका. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याला अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो, तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो आणि एफआयआरआधी प्राथमिक चौकशीची अट नाही. जातीचा दाखला आणि तिथे हजर असलेल्यांची नावं अर्जासोबत जोडा.

लैंगिक छळ

जुने कर्मचारी अजूनही ‘विशाखा समिती’ म्हणतात. आजचं नाव अंतर्गत तक्रार समिती. तिचे नियम मुळातून माहीत असले तर निम्मी टोलवाटोलवी थांबते.

अर्ज प्राचार्यांच्या नव्हे, समितीच्या अध्यक्षांच्या नावे करा, प्राचार्यांना प्रत द्या. मुदत घटनेपासून तीन महिने. प्रकार वारंवार घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजायचे. उशिराचं सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, म्हणून कारण अर्जातच लिहा. सहा प्रती काढा, मेसेजचे स्क्रीनशॉट आणि साक्षीदारांची नावं-पत्ते जोडा. लिहिणं जमत नसेल तर लिहून देण्यास मदत करणं हे समितीचं कर्तव्य आहे. कॉलेजात समितीच्या अध्यक्ष वरिष्ठ प्राध्यापिकाच असाव्या लागतात, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, बाहेरची एक सदस्य हवी, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर विद्यार्थी प्रतिनिधीही. विभागप्रमुख, अधिष्ठाता अशी पदं भूषवणाऱ्यांना समितीत बसता येत नाही. फलकावरची नावं या कसोटीवर तपासून पाहा. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमाखाली तक्रार करू शकतात.

अर्जाबरोबरच अंतरिम दिलासा मागा. याचा विसर पडतो आणि मग ज्या शिक्षकाविरुद्ध तक्रार आहे तोच तोंडी परीक्षा घ्यायला बसतो. त्याने पेपर तपासू नये, मार्गदर्शक म्हणून राहू नये, दोघांपैकी एकाची तुकडी बदलावी, त्याला दूर राहण्याची ताकीद द्यावी, हे सगळं चौकशी संपण्याआधी मागता येतं. मागितल्याशिवाय मिळत नाही.

पुढचा क्रम: सात दिवसांत समोरच्याला प्रत, दहा दिवसांत त्याचं उत्तर, नव्वद दिवसांत चौकशी पूर्ण, दहा दिवसांत अहवाल. समितीपुढे वकील चालत नाही. सबळ कारणाशिवाय लागोपाठ तीन सुनावण्या चुकवल्या तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन समिती प्रकरण बंद करू शकते, म्हणून परीक्षा आड येत असेल तर तारीख बदलण्याचा अर्ज आधीच द्या. ‘मिटवून घ्या’ असा दबाव हमखास येतो. तडजोड तक्रारदाराने स्वतः मागितली तरच होते, आणि पैसे हा तिचा आधार असू शकत नाही. पुरावा अपुरा पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हेही कायद्यात लिहिलेलं आहे.

पाठलाग, चोरून चित्रण, अंगाला हात लावणं हे गुन्हेच आहेत, त्यासाठी समितीची वाट पाहायची नाही. अशा गुन्ह्यात पीडितेचा जबाब महिला पोलीस अधिकारी घेतात, आणि मुलीला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, ती राहते तिथे यावं लागतं. बलात्कारासारख्या प्रसंगात आधी रुग्णालय: एफआयआर नसला तरी उपचार नाकारता येत नाहीत आणि ते मोफत असतात. शक्यतो आंघोळ करू नका. कपडे प्लॅस्टिकच्या नव्हे तर कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये दमट राहून पुरावा सडतो. एचआयव्ही प्रतिबंधक औषध बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, म्हणून ते मागून घ्या.

अकरावी-बारावीच्या शिक्षकांनी एक ध्यानात ठेवावं. विद्यार्थी अठराच्या आतला असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, लागू होतो, आणि माहिती मिळूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. ‘पालकांना विचारून ठरवू’ ही सबब तिथे चालत नाही.

ऑनलाइन फसवणूक आणि फोटोंची धमकी

पैसे गेले असतील तर लगेच १९३०, हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येते, म्हणून इथे मिनिटं मोजतात. खातं कोणत्या बँकेचं, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक हाताशी ठेवून फोन करा. फोटो पसरवण्याची धमकी असेल तर घाबरून आधी ब्लॉक करू नका आणि संभाषण पुसू नका. प्रोफाइलची पूर्ण लिंक, युजरनेम, तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, आपोआप पुसणारे मेसेज बंद करा, मग ब्लॉक. पैसे देऊन हे थांबत नाही, मागणी वाढत जाते.

नोंदवूनच घेत नसतील तर

त्या दिवशी ठाण्यात कोण बसलं होतं, नाव आणि हुद्दा, लिहून घ्या. तोच अर्ज, ‘अमुक तारखेला ठाण्यात गेलो असता नोंद घेतली नाही’ ही ओळ घालून, पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालयाच्या शहरात पोलीस उपायुक्तांना टपालाने पाठवा. तिथेही काही झालं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, पण आधीच्या पायऱ्यांच्या पावत्या जोडल्याशिवाय तो उभा राहत नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, किंवा १५१०० वर फोन. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

गुन्हा नोंदला गेला असेल तर तपास कुठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं असतं. एफआयआरवरची तारीख पाहून नव्वदावा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि त्या दिवशी काहीच आलेलं नसेल तर तपास अधिकाऱ्याच्या नावे एक ओळीचा अर्ज घेऊन जा. त्याचीही पोहोच घ्या.